वेशीपाशी थांबलेला कायदा

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच वाशिम जिल्ह्यातील मानोरा, मालेगाव, रिसोड या तालुक्यांतील तांडे आणि वाड्या रित्या होऊ लागतात. सोयाबीन निघून बाजारात गेलेले असते, तुरीला अवकाश असतो, आणि कोरडवाहू जमिनीच्या त्या लहानशा तुकड्यापाशी पुढील मृगापर्यंत दोन हातांना देण्यासारखे काही उरलेले नसते. मग ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी व पोरेबाळे त्यांत चढतात, आणि गावात राहतात ती म्हातारी माणसे. कोणी पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडावयास जातो, कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात वा तेलंगणात, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी पुण्यामुंबईच्या बांधकामांवर. होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर ही माणसे परततात. हा क्रम इतका नियमित झाला आहे की त्यात कोणास काही नवल वाटेनासे झाले आहे. आम्हांस खरी चिंता वाटते ती या नवल न वाटण्याची.

आपण या घटनेस 'स्थलांतर' असे एक सौम्य, शास्त्रीय नाव दिले आहे. पक्षीही स्थलांतर करतात. ते कोठून आले, किती आले, केव्हा गेले याची नोंद हौशी मंडळी मोठ्या निष्ठेने ठेवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या जिल्ह्यातून दरवर्षी किती माणसे गेली, कोणाबरोबर गेली, कोणत्या करारावर गेली आणि त्यांतील किती सुखरूप परतली, याची नोंद कोणत्या कचेरीत पाहावयास मिळेल? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख भरली. २०१८ साली देशातील मागास राहिलेल्या जिल्ह्यांच्या 'आकांक्षित' यादीत त्याचे नाव आले. जिल्ह्याच्या आकांक्षा मोजावयास यंत्रणा उभी राहिली. जिल्हा सोडून जाणाऱ्यांची मोजणी मात्र राहून गेली.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसांनी गाव सोडूच नये, असे आमचे म्हणणे नाही. देशात कोठेही जावे, कोठेही वसावे, हा घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकास दिलेला हक्क आहे. ज्या बंजारा समाजाची पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे, त्या समाजाचा तर सारा इतिहासच प्रवासाचा आहे. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन हिंदुस्थानभर फिरत असत, आणि रेल्वेने तो व्यापार हिरावून घेईपर्यंत त्या फिरण्यात दैन्य नव्हते. तो मालाचा धनी होऊन फिरत होता. आज त्याचा वंशज कर्जाचा बांधील होऊन फिरतो. आमचा आक्षेप आहे तो या फरकास.

हे कर्ज कसे असते हे शहरातील वाचकाने समजून घेणे अवश्य आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात माणूस हा एकक नाही; 'कोयता' हा एकक आहे, आणि एका कोयत्यात नवरा व बायको असे दोघे धरले जातात. मुकादम हंगामापूर्वीच, घरात दाणा नसलेल्या पावसाळ्याच्या दिवसांत, या जोडीस 'उचल' देतो. ती रक्कम लग्नात, आजारपणात, बियाण्यात किंवा जुन्या देण्यात तत्काळ नाहीशी होते. नंतरचे पाच-सहा महिने त्या जोडीने ती टनांच्या हिशेबाने फेडावयाची. हिशेब मुकादमाच्या वहीत. वजन कारखान्याच्या काट्यावर. मजुराच्या हाती फक्त कोयता. हंगाम लवकर आटोपला, एक जण आजारी पडला, वा आकडे जुळले नाहीत, तर बाकी पुढील वर्षावर जाते आणि माणूसही तिच्याबरोबर पुढील वर्षावर जातो. शिवाय मजुरीचा पैसा बायकोच्या नावे स्वतंत्रपणे निघत नाही. तिचे अर्धे श्रम कोयत्यात आहेत, पण वहीत ती नाही.

या माणसांसाठी कायदा नाही असे मात्र नाही. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. कंत्राटदारास परवाना, कामगारास छायाचित्र असलेली नोंदपुस्तिका, जाण्यायेण्याचा खर्च, मासिक वेतनाच्या निम्मा अथवा ७५ रुपये यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता, राहावयास जागा व औषधपाणी, इतक्या गोष्टी त्यात लिहिलेल्या होत्या. कागदावर इतका उदार कायदा क्वचितच झाला असेल, आणि अंमलबजावणीत इतका कृपणही क्वचितच ठरला असेल. २०२० मध्ये तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या संहितेत विलीन करण्यात आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. नव्या संहितेत एक चांगली गोष्ट अशी की कंत्राटदाराच्या मध्यस्थीवाचून आपण होऊन परराज्यात गेलेला कामगारही आता व्याख्येत बसतो. परंतु पूर्वी पाच कामगार असले की लागू होणारे संरक्षण आता दहा कामगारांपासून सुरू होते, आणि विस्थापन भत्त्याचा उल्लेख गळाला आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही रीत आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पण याहूनही मोठा दोष मूळ कल्पनेतच आहे. या जुन्या व नव्या दोन्ही कायद्यांना दिसते ती फक्त राज्याची सीमा. मानोऱ्याची एक जोडी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळला ऊस तोडते आणि तिच्याच तांड्यातील दुसरी जोडी त्या परिसराला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील चिकोडीला. ऊस तोच, पाचट तेच, कोपी तीच, मुकादमही कदाचित एकच. तथापि चिकोडीची जोडी कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित आहे आणि शिरोळची नाही. वाशिमहून निजामाबाद जवळ आहे आणि कोल्हापूर कितीतरी दूर. परंतु कायद्याच्या नकाशावर जवळ गेलेला परका ठरतो आणि दूर गेलेला घरचा. ज्या राज्यसीमांवर हा भेद उभा आहे त्या १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आखल्या गेल्या. भूक त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिला कोणत्याही पुनर्रचना आयोगाने सीमा आखून दिलेली नाही.

बरे, सीमेपलीकडे गेलेल्यास तरी संरक्षण मिळते काय? तेथे त्याची भाषा कोणास कळत नाही आणि त्याची फिर्याद कोणाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. कर्नाटकातील अधिकारी म्हणतो, मुकादम महाराष्ट्राचा. महाराष्ट्रातील अधिकारी म्हणतो, कामाची जागा कर्नाटकात. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक करणाऱ्याशी. तो म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. जबाबदारीचा हा चेंडू ज्या मैदानात फिरतो त्याच्या मध्यभागी उभा असलेला मजूर मात्र कोणाचाच नसतो.

परदेशी जाणाऱ्याची गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे गिरमिटावर मॉरिशसला गेली. त्या पद्धतीविरुद्ध हिंदुस्थानात लोकमत खवळले आणि १९१७ साली गिरमिटाची भरती थांबवावी लागली. स्वतंत्र भारताने १९८३ साली उत्प्रवासाचा कायदा केला, आणि आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्या अल्पशिक्षित माणसाच्या हितासाठी 'उत्प्रवासी संरक्षक' नावाचा अधिकारी नेमला. भरती करणाऱ्यास नोंदणी सक्तीची झाली. ती व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मजुराचा करार कोणीतरी वाचला पाहिजे, एवढे तत्त्व तरी तिने मान्य केले. मस्कतला जाणाऱ्याचा करार पाहणारा अधिकारी असावा, आणि मानोऱ्याहून माळशिरसला जाणाऱ्याचा करारच नसावा, हा कोणता न्याय?

न्यायालयांनी आपले कर्तव्य केलेले नाही असे म्हणता येणार नाही. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्यात आगाऊ रकमेपोटी श्रम करावयास बांधून घेणे हाच वेठबिगारीचा गाभा मानला आहे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय. आमच्या वाचकांतील विधिज्ञांनी या दोन कसोट्या उचलीच्या व्यवहारास लावून पाहाव्यात आणि आपल्या मनाशीच निर्णय द्यावा.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा हा सारा अदृश्य समाज एकाएकी महामार्गांवर दृश्यमान झाला. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर थकून झोपलेले मध्यप्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली सापडले. देश हळहळला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मरण पावले या प्रश्नास, अशी माहिती ठेवलेली नाही असे उत्तर केंद्र सरकारने संसदेत दिले. पुढे २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांची नोंदणी आणि शिधापत्रिका देशभर चालण्याची व्यवस्था यांस मुदत घालून दिली, आणि ऑगस्टमध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. तीत कोट्यवधी नावे चढली, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु नाव चढले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. या क्षणी तो कोणाच्या फडात आहे, त्याची मजुरी कोणी द्यावयाची, त्याच्या अपघातास जबाबदार कोण, याचे उत्तर त्या पत्रिकेवर नाही.

या व्यवस्थेची सर्वांत जड किंमत स्त्रिया आणि मुले देतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबाबत डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली चौकशी केली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तो आकडा बीडचा आहे म्हणून वाशिमने स्वस्थ राहावे काय? जेथे खाडा म्हणजे दंड, फडात आडोसा नाही, पाण्याची सोय नाही आणि बाळंतीण पंधरवड्यात पुन्हा मोळी उचलते, तेथे जिल्ह्याचे नाव बदलल्याने शरीराचे धर्म बदलत नाहीत. मुलांचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. शिक्षण हमी पत्रक निघाले, हंगामी वसतिगृहे निघाली. पण दिवाळीनंतर पट कागदावर भरलेला आणि वर्ग रिकामा, हे दृश्य अद्याप संपलेले नाही. आठ वर्षांची मुलगी फडाच्या कडेस धाकट्या भावंडास सांभाळीत बसते तेव्हा पुढील पिढीतील एक कोयता तयार होत असतो.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कारखानदार व वाहतूकदार म्हणतात की मुकादम लाखोंची उचल घेऊन पसार होतात, टोळ्या येतच नाहीत, आणि ट्रॅक्टरच्या कर्जापायी वाहनमालक बुडतो. ही तक्रार खोटी नाही. मुकादमही प्रत्येक वेळी खलपुरुष नसतो. तोही बहुधा तांड्यातलाच, कालचा मजूर असतो, आणि तोही वरच्याचा देणेकरी असतो. परंतु यातून निष्पन्न काय होते? जो व्यवहार मालकाला बुडवतो, मध्यस्थाला पळावयास लावतो आणि मजुराला बांधून ठेवतो, तो कोणाच्याच हिताचा नाही. लेखी करार, बँकेतून दिलेली उचल आणि परवानाधारक मुकादम यांत मजुराइतकेच कारखान्याचेही संरक्षण आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण दर वाढला आणि हिशेबाची वही मात्र तीच राहिली, तर वाढीचा किती अंश कोयत्यापर्यंत पोहोचला हे कोण सांगणार?

महाराष्ट्रास यासाठी परदेशी आदर्श शोधण्याचे कारण नाही. १९६९ साली याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. जो हमाल आज या गोदामात तर उद्या त्या पेढीवर ओझी वाहतो, ज्याला ठरलेला मालकच नाही, त्यासाठी मालक, कामगार व शासन यांचे त्रिपक्ष मंडळ स्थापन झाले. मालकाने मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळात भरावयाचा, आणि मंडळाने तो मजुरास पगार, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार या रूपाने पोहोचवावयाचा. जे मुंबईच्या गोदीबाजारात शक्य झाले ते उसाच्या फडात अशक्य का असावे? ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आहे. गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी असे ठरले. महामंडळ आहे, निधीचा मार्ग आहे. त्यास माथाडी मंडळाचे अधिकार द्यावेत आणि मजुरीचा पैसा त्याच्यामार्फत वाहू द्यावा, म्हणजे मुकादमाची वही आपोआप बंद होईल.

मूळ रोगावर, म्हणजे गावात काम नसण्यावर, उपाय कोणता, असे विचारले जाईल. १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने रोजगार हमीचा पाठ देशाला दिला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांचे आश्वासन दिले, आणि २०२५ च्या अखेरीस संसदेने त्याजागी नवा कायदा संमत करून ते १२५ दिवसांवर नेले. दिवस वाढले हे ठीक. पण अडचण दिवसांची नाही, वेळेची आहे. मुकादमाची उचल पावसाळ्यात, गरजेच्या घटकेस, रोख हाती पडते. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, आणि पुष्कळदा आठवडेच्या आठवडे लोटल्यावर येते. भुकेल्याने या दोहोंतून कोणते निवडावे? जोवर सप्टेंबरातच कामांची यादी गावात लागत नाही, मजुरी आठवड्यात मिळत नाही, आणि सहकारी पतपुरवठा भूमिहीनास दहा-वीस हजार रुपये वेळेवर देत नाही, तोवर मुकादम हीच या भागातील सर्वांत तत्पर बँक राहणार. त्यातच फडांत आता तोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. उद्या ती सर्वत्र पसरली तर हे दुःखाचे कामही जाईल, आणि त्या दिवसाची तयारी आज करावयास हवी.

आणखी एक कर्तव्य आपल्या दाराशीच आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून गेला आहे. त्याच्या भरावावर आणि पुलांवर परप्रांतांतून आलेले कितीतरी हात राबले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ त्याच मार्गाच्या कामावर तुळई कोसळून २० माणसे मृत्युमुखी पडली. आपली माणसे बाहेर सुरक्षित राहावीत असे म्हणणाऱ्या जिल्ह्याने, बाहेरून आलेल्या माणसाशी आपण कसे वागतो हेही पाहावे. केरळने परप्रांतीय मजुरांसाठी २०१० सालीच कल्याण योजना आखली आणि त्यांस 'अतिथी कामगार' म्हणण्याचा प्रघात पाडला. केवळ नाव बदलल्याने पोट भरत नाही, हे खरे. पण सन्मानाची सुरुवात पुष्कळदा नावापासूनच होते.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वी स्थलांतराची नोंदवही उघडावी, आणि जाणारा, नेणारा, कामाचे ठिकाण व घेतलेली उचल यांची नोंद तीत व्हावी. परवान्याशिवाय मुकादमास मजूर नेण्यास बंदी असावी. कोयत्याच्या मजुरीचे दोन भाग करून स्त्रीचा भाग तिच्या खात्यात जमा व्हावा. कर्नाटक व तेलंगण या राज्यांशी महाराष्ट्राने लेखी करार करून तक्रार कोणी ऐकावयाची हे एकदाचे ठरवावे. राज्यांतर्गत स्थलांतरितास आंतरराज्य कामगाराचे सर्व हक्क राज्याच्या कायद्याने द्यावेत. मुलांसाठी वसतिगृहाची योजना राज्याने प्रामुख्याने मराठवाड्याकडे पाहून आखली. ती वाशिमच्या तांड्यांपर्यंत यावी, आणि वसतिगृह मुले गेल्यावर नव्हे, ट्रक येण्यापूर्वी उघडावे.

२०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, आणि २०२७ साठीही १ मार्च हीच संदर्भ तारीख ठरविण्यात आली. म्हणजे ऐन हंगामात, तांडे रिते असताना. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. तेव्हाही ट्रक निघू लागले होते. जो मोजणीच्या वेळी घरी नसतो आणि मतदानाच्या वेळीही नसतो, त्याची आठवण राज्यकर्त्यांस स्वभावतः होत नाही. ती करून देण्याचे काम मग ज्यांचे घर, मत आणि शब्द जागेवर आहेत त्यांच्यावर येते. आमचा सुशिक्षित वाचक हा असा वर्ग आहे. त्याने आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यास, आमदारास, आणि तो एखाद्या साखर कारखान्याचा भागधारक असेल तर त्याच्या संचालकांस, एवढाच प्रश्न विचारावा : यंदा आमच्या गावातून किती जण गेले, आणि त्यांची नोंद कोठे आहे? पुढील दिवाळीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे.